उसण भरते, त्याच्या आधी

जमिनीवर पडलेला टॉवेल उचलायला वाकावे आणि कमरेत अशी चमक निघावी की सरळ उभेच राहता येऊ नये! उसण भरण्याचा हा अनुभव अनेकांना आहे. त्यावर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत; शहरांत आता पहिल्याच दिवशी एमआरआय काढण्याची नवी रीत पडते आहे. माझ्या मते दोन्हींमागची चूक एकच : उसणीचे कारण आपण चुकीच्या जागी शोधतो.

पाठीचा एखादा भाग दुखावला की त्याची हालचाल होऊ नये म्हणून स्नायू आपोआप आखडतात, तीच उसण. टॉवेल हे केवळ निमित्त. त्याआधी कित्येक महिने तासन् तास खुर्चीत बसणे, खड्ड्यांतून दुचाकी हाकणे, व्यायामाअभावी दुबळे झालेले पाठीपोटाचे स्नायू, अपुरी झोप आणि मानसिक ताण यांनी जमीन तयार केलेली असते. त्यात सवय नसताना सुमारे ३० किलोचा भरलेला गॅस सिलिंडर कमरेत वळून उचलला, की पाठ धरते.

बहुतेकांची उसण काही दिवसांत ते चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. म्हणूनच पायाळूचा पाय 'लागू पडला' असे वाटते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना मात्र तो धोक्याचा. आणि एमआरआय? पाठ मुळीच दुखत नसलेल्या ३,११० जणांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्यांची झीज दिसली. रिपोर्टातला 'झीज' हा शब्द वाचून घाबरलेला माणूस अंथरूण धरतो, स्नायू आणखी दुबळे होतात आणि पुन्हा उसण भरते.

त्यापेक्षा शेक घ्यावा, एखाद-दुसरा दिवस बेताने वागावे आणि झेपेल तसे चालू लागावे. पायातली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, अकारण वजन घटणे, पडल्यानंतरचे दुखणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठावेत. तिथे तपासणी हवीच. एरवी तपासायची आहे ती आपली दिनचर्या.