सज्जन पुढारी आणि जागता गावकरी

घाटंजीकडच्या कोणत्याही पारावर बसा. निवडणुकीचा विषय निघाला, की ‘माणूस चांगला पाहा’ हा सल्ला ठरलेला. अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये कन्फ्यूशियसनेही हेच सांगितले. राज्यकर्ता सदाचारी असला, की प्रजाही वळणावर येते. शस्त्रे आणि अन्न यांहूनही लोकांचा विश्वास राज्याला मोलाचा, असे तो मानी. पण हा विश्वास गमावणाऱ्याला प्रजेने पायउतार कसे करायचे, याची रीत त्याने घालून दिली नाही. ती लोकशाहीने दिली. आपल्या विदर्भातल्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त मताचे मोल बजावले. १९९३ पासून ग्रामसभेला घटनेचे बळ आहे. तिथे हिशेब विचारता येतो. मात्र आपण सभेला जातो का? सज्जन पुढारी हवाच; पण त्याला सज्जन राखायला जागता गावकरी हवा.