मर्म सांध्यांत आहे

न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्राची सातव्या क्रमांकाची इमारत ११ सप्टेंबर २००१ रोजी सायंकाळी कोसळली. तिच्यावर विमान आदळले नव्हते. शेजारच्या मनोऱ्याचे अवशेष पडून तिला आग लागली. शहराची जलवाहिनी तुटल्यामुळे खालच्या मजल्यांवरील तुषारयंत्रणेला पाणी मिळाले नाही. आणि सुमारे सात तास जळून ही ४७ मजली वास्तू भुईसपाट झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अंतिम अहवालातील निष्कर्ष अभियंत्यांइतकाच नगरपित्यांनीही मनन करण्याजोगा आहे.

पोलाद तापले की मऊ पडते व इमारत खचते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नव्हे. ६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोलादाचे बळ निम्म्यावर येते. परंतु येथे घात झाला तो त्याआधीच. सुमारे ४०० अंश वा त्याहूनही कमी उष्णतेत दहा मीटरची तुळई जवळजवळ पाच सेंटिमीटर लांबते. अशा लांबलेल्या तुळयांनी तेराव्या मजल्यावरील मुख्य तुळईला तिच्या बैठकीवरून ढकलून दिले. तेथील सांधे प्रामुख्याने वरून येणारा भार पेलण्यासाठी आखलेले होते. आडवा रेटा त्यांच्या हिशेबात नव्हता. मजले एकावर एक कोसळले, आधार गमावलेला खांब वाकला आणि त्याच्यामागोमाग सारी इमारत गेली.

याच्या उलट अनुभव इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरमधील कार्डिंग्टन येथे आला. तेथे आठ मजली पोलादी सांगाडा उभारून १९९५-९६ मध्ये त्यात मुद्दाम आगी लावण्यात आल्या. उघड्या तुळया हजार अंशांपलीकडे तापूनही सांगाडा उभा राहिला, कारण काँक्रीटच्या तक्तपोशीने भार वाटून घेतला. मात्र आग विझल्यावर निवताना आखडणाऱ्या तुळयांनी सांध्यांना ओढले, तेव्हा काही ठिकाणी बोल्ट तुटले व जोडपट्ट्या फाटल्या. ज्वाळा शमल्या म्हणजे संकट टळले असे मानून आत शिरणाऱ्या अग्निशमन जवानांच्या दृष्टीने ही गोष्ट किती गंभीर आहे, हे सांगावयास नको.

मग सांधा ताठ असावा की सैल? ताठ सांधा शेजाऱ्याकडून मदत मिळवितो, पण प्रसरणास अटकाव करून तुळईत प्रचंड दाब निर्माण करतो. सैल सांधा मोकळीक देतो, पण प्रसंगी हातच सोडतो. म्हणून बळाबरोबरच न तुटता वाकण्याचा लवचिकपणा सांध्यात असला पाहिजे.

मुंबई-पुण्यातही पोलादी सांगाड्याच्या इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. आय. एस. ८०० या संहितेच्या २००७ च्या आवृत्तीत अग्निरोधावर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु तुळई किती तास टिकेल एवढ्याच प्रश्नाचे उत्तर पुरेसे नाही. तापताना व निवताना तिचे सांधे कसे वागतील याचा हिशेब मोठ्या इमारतींच्या आराखड्यासोबत मागितला गेला पाहिजे, आणि अग्निरोधक लेपाची तपासणी करताना प्रत्येक जोडावर नजर गेली पाहिजे. यासाठी लागणारा खर्च इमारतीच्या किमतीपुढे अल्प आहे; तो टाळण्याची किंमत मात्र आत राहणाऱ्यांना मोजावी लागते.