मदत द्या, चेहरे नकोत

पूरग्रस्ताच्या हाती मदतीचे किट ठेवताना त्याचा फोटो काढण्याची रीत बंद झालीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगावात पाणी शिरले. सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर पिकांसह जमिनी खरडून गेल्या. किटवरच्या नेत्यांच्या छायाचित्रांवरून तेव्हा वाद झाला. पण पिशवीवरचा चेहरा फाडून टाकता येतो, मोबाइलवरून गावोगाव पोहोचलेला घेणाऱ्याचा चेहरा मागे घेता येत नाही. परवापर्यंत मजुरांना ज्वारी मोजून देणारी बाई पदर तोंडाशी धरून पिठाची पिशवी घेते आणि तिला ‘इकडे बघा’ म्हटले जाते. गावात मान राखून जगणारी माणसे यापुढे रांगेतच येणार नाहीत, मदत गरजूंनाच चुकेल.

देणगीदारांना पुरावा लागतो, हे खरे. मात्र त्यासाठी सही-अंगठ्याची यादी आणि सामानाच्या पावत्या पुरतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची छायाचित्रे जगापुढे गेली ती विध्वंस कळावा म्हणून. दात्याचे नाव व्हावे म्हणून नव्हे. संमती घेतली होती, हा बचावही टिकत नाही. उपाशी माणूस रांगेत नकार कसा देणार? नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात जेवणाऱ्याला कोणी नाव-गाव विचारत नाही. तो धडा घरचाच आहे.

नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी लेखी आदेश काढावा: वाटपाच्या जागी घेणाऱ्यांचे चित्रीकरण नाही, मुलांचे तर कदापि नाही.