लहरी राष्ट्राच्या, लिलाव मूठभरांचा

केबलच्या व्यवसायात उमेदवारी केलेला, पुढे इंटरनेट सेवेचा परवाना घेऊन तालुक्याच्या गावी चार-पाचशे घरांना जोडणी देणारा मराठी तरुण आज अनेक ठिकाणी दिसतो. गावाच्या वेशीपर्यंत त्याची तार पोहोचते. वेशीबाहेरच्या वाडीने जोडणी मागितली, की मात्र त्याचे हात बांधले जातात. सह्याद्रीच्या काळ्या कातळात चर खणण्याचा खर्च झेपत नाही. खांबांवरून तार न्यावी, तर पहिल्याच वळवात फांदी कोसळून ती तुटते. रस्ता बांधकाम खात्याचा, पलीकडचा डोंगर वनखात्याचा. परवानगी दोघांचीही हवी. उरतो तो बिनतारी मार्ग, आणि नेमके तेथेच आपल्या धोरणाचे खरे रूप उघडे पडते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ इतक्या लहरी परवानामुक्त करण्यात आल्या आणि त्या इमारतीबाहेर वापरण्याची मुभा मिळाली. आज लहान सेवादाते वाडीवस्तीला जोडतात ते प्रामुख्याने याच लहरींच्या आधारे. पण या मार्गाला मर्यादा आहेत. मनोरा आणि घराचे छप्पर यांच्यामध्ये सरळ दृष्टिरेषा लागते. मध्ये आमराई आली की संदेश क्षीण होतो. शिवाय परवानामुक्त म्हणजे संरक्षणमुक्तही. शेजारच्याने त्याच लहरींवर तबकडी रोखली, तर तक्रार कोणाकडे करायची? दहा ग्राहकांपर्यंत चालणारी ही सोय दोनशे ग्राहकांवर गेली की कोलमडू लागते.

मग संरक्षित लहरी विकत घ्याव्यात, असे कोणी म्हणेल. येथे विसंगती पाहा. २०१३ च्या एकीकृत परवाना पद्धतीत ‘क’ वर्गाचा इंटरनेट परवाना साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी दिला गेला. लहरींचा लिलाव मात्र संपूर्ण दूरसंचार परिमंडळाचा! ज्याला एका जिल्ह्यात सेवा द्यायची आहे, त्याने मुंबई वगळून सारा महाराष्ट्र आणि गोवा यांचे मोल मोजावे, अशी ही अपेक्षा आहे. पाणपोई घालू इच्छिणाऱ्याला ‘आधी धरण विकत घे’ म्हणून सांगण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

या रचनेचे फलित २०१० सालीच दिसले होते. बिनतारी ब्रॉडबँडच्या लिलावात इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशा परिचित नसलेल्या इंटरनेट कंपनीने सर्व २२ परिमंडळांतील लहरी सुमारे १२,८४८ कोटी रुपयांना जिंकल्या. लिलाव संपला त्याच दिवशी, ११ जून रोजी, रिलायन्सने त्या कंपनीचा ९५ टक्के हिस्सा ४,८०० कोटींना घेत असल्याचे जाहीर केले. त्या लहरींवरील सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. कायद्याच्या चौकटीत हे सारे बसले असेल. पण सहा वर्षे राष्ट्राची संपत्ती ग्राहकाच्या उपयोगाविना राहिली, याचा हिशेब कोणी मागितला?

लिलाव हाच पारदर्शक मार्ग, असे उत्तर ठरलेले असते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तो धडा विसरण्याजोगा नाही. वशिल्याने वाटप नको, हे आम्हांसही मान्य आहे. पण लिलावाचा तुकडा केवढा असावा, हे काही न्यायालयाने सांगितलेले नाही. बाजारपेठेची भक्ती करणाऱ्या अमेरिकेनेही २०२० साली ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील परवान्यांचा लिलाव काउंटीनिहाय, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या क्षेत्रानुसार केला. आणि परवानाधारक ज्या लहरी वापरत नसेल, त्या इतरांना वापरू देण्याची व्यवस्थाही ठेवली. आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने काही उपग्रह सेवांना लिलावाविना लहरी देण्याची तरतूद केली. उपग्रहाच्या लहरी अनेकांना वाटून वापरता येतात, हे त्याचे समर्थन. ते योग्यच आहे. मग एकमेकांपासून पन्नास कोसांवर असलेल्या दोन तालुक्यांतील सेवादात्यांना त्याच लहरी वाटून वापरता येणार नाहीत काय? अंतराळातून येणाऱ्या अमेरिकी कंपनीसाठी जो तर्क चालतो, तो कणकवलीच्या तरुणासाठी का चालू नये?

मागणी मोठी नाही. लहरींचा काही भाग जिल्हानिहाय राखून ठेवावा. ठरावीक मुदतीत न वापरलेल्या लहरी परत घ्याव्यात. ‘भारतनेट’ची तार ज्या ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली आहे, तेथून पुढे स्थानिक सेवादात्यास ती वाजवी दराने मिळावी.

लहान सेवादात्यांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. एकाच टेकडीवर तिघांनी तीन मनोरे उभारून एकमेकांच्या लहरी बिघडवायच्या आणि दोष मात्र दिल्लीला द्यायचा, हे शोभणारे नाही. मनोरा एक, वाटणी ठरलेली आणि बिघाड झाला तर त्याच दिवशी दारात माणूस, हे सहकाराच्या भूमीत अवघड वाटू नये.

स्वदेशी म्हणजे केवळ देशी नाव असलेली कंपनी नव्हे. ज्याच्या दारात जाऊन जाब विचारता येतो, तो सेवादाता हा स्वदेशीचा खरा अर्थ. गावाच्या आकाशातील लहरींवर गावाचाही हक्क आहे. तो मागावा लागेल, कारण न मागता तो कोणी देणार नाही.