कुत्र्याच्या नाकाला काम द्या

घरी, शेतातल्या आखाड्यावर नाहीतर कारखान्याच्या गेटवर ज्यांनी सहा-आठ महिन्यांचं कुत्रं पाळलंय, त्यांच्यासाठी हे आवाहन. चपला कुरतडतं, दोरीवरचे कपडे ओढतं, मोसंबीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या चावून ठेवतं, आल्या-गेल्याच्या अंगावर उड्या मारतं. मग घरात ठरतं, कुत्रं मस्तीला आलंय, बांधून टाका. बांधलं की ते आणखी चेकाळतं आणि साखळी आणखी आखूड होते.

हे कुत्रं वाईट नाही, रिकामं आहे. मेंढरांमागं चालणारी धनगरांची कुत्री बघा. दिवसभर कळपाकडं लक्ष. चपला चावायला सवड कुठली!

बांधून ठेवलं की कुत्रं तिखट होतं, राखण चांगली करतं, हा समज आपल्याकडं पक्का आहे. माझं मत उलटं आहे. सारखं बांधलेलं कुत्रं बिथरतं, आणि बिथरलेलं कुत्रं चोर आणि शेजाऱ्याचं पोर यांत फरक करत नाही. शिवाय कायद्यालाही हे चालत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कुत्र्याला कायम बांधून ठेवायचं आणि पुरेसं हिंडू-फिरू द्यायचं नाही, हा गुन्हा आहे.

फिरवणं हवंच, पण नुसतं पळवून भागत नाही. रोज मोटारसायकलमागं पळवलेल्या कुत्र्याचा दम तेवढा वाढतो, खोड्या तशाच राहतात. डोकं थकलं पाहिजे, आणि कुत्र्याचं डोकं चालतं नाकानं. जालन्याशेजारच्या बीड पोलिसांचा रॉकी हा कुत्रा आठवत असेल. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत झाली होती. २०२० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला, आणि ३० ऑगस्टच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. आपल्या कुत्र्याला गुन्हे शोधायचे नाहीत. भाकर शोधली तरी पुष्कळ.

त्यासाठी एक रिकामं पोतं घ्या. कुत्र्याच्या देखत भाकरीचे आठ-दहा तुकडे त्यावर पसरा, पोतं सैलसर गुंडाळा आणि ‘शोध’ म्हणून बाजूला व्हा. पहिल्यांदा ते पोतं पंजानं ओरबाडेल, दातानं ओढेल, तुमच्या तोंडाकडं बघेल. मदत करू नका. थोड्या वेळानं नाक आत जातं, फूसफूस सुरू होते, आणि मग ते घडीमागून घडी उलगडत जातं. दोन-चार दिवसांनी पोत्याला एक सैल गाठ मारा. नंतर तुकडे झाडाच्या बुंध्याशी, कडब्याच्या पेंढीमागं, पालथ्या घमेल्याखाली लपवा. फवारणीची बाटली किंवा उंदराचं औषध ठेवता तिथं मात्र चुकूनही नको. रोजची निम्मी भाकर अशी कमवायला लावली की बरीचशी कुत्री नंतर सावली बघून आडवी होतात.

शिकवताना घाई करू नका. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी कोणी नांगराला जुंपत नाही, आधी नुसतं जू मानेवर ठेवतो. तसंच ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ एवढे चार शब्द पुरेत. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, ऐकलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा कण. ‘सोड’ शिकवताना तोंडातली चप्पल हिसकू नका. त्याला ती ओढाओढीच आवडते. त्याऐवजी खाऊ दाखवा, आपोआप सोडेल. अंगावर उडी मारली तर पाठ फिरवा, चारी पाय जमिनीला टेकले की कुरवाळा. आणि मारू नका. मारलेलं कुत्रं हाक मारली की येत नाही, मग शिकवणार कधी?

चार ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाचे दुधाचे दात पडतात, तेव्हा ते चावणारच. चघळायला सुती दोराची जाड गाठ द्या, तुकडे पडू लागले की काढून घ्या. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढं दरवर्षी, पशुवैद्य सांगतील तशी. कांदा आणि चॉकलेट देऊ नका. कडवंची गावची द्राक्षं हंगामात घरोघर येतात, पण एखादा मणीसुद्धा कुत्र्याला नको. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

एप्रिल-मेमध्ये फिरवणं उजाडायच्या सुमाराला. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. दुपारी पोत्याचा खेळ सावलीत खेळता येतो.

राहिला प्रश्न शिकवायचं कोणी. पुष्कळ मालक जालन्यात राहतात, कुत्रं असतं आखाड्यावर आणि भाकर टाकतो सालगडी. मालकानं रविवारी येऊन ‘सिट, सिट’ करायचं आणि सालगड्यानं आठवडाभर ‘खाली बस रे’ म्हणायचं, यात कुत्र्याला काही उमगत नाही. सालगड्याच्या तोंडी जो शब्द आहे तोच ठरवा, मालकानंही तोच वापरावा. आणि अंड्यांचे पैसे सालगड्याकडं आधीच देऊन ठेवा.