बूस्ट विकणारे आणि पेट्रोल विसरणारे

"डायनोवर चाळीस पीएस वाढले रे!!" असा मेसेज मित्राने पाठवला तेव्हा मीही मनापासून अभिनंदन केलं होतं. पाच आठवड्यांनी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात त्याच्या गाडीने मागे निळा धूर सोडला, आणि चारपैकी तीन सिलिंडरांवर फटफटत ती कडेला लागली. गॅरेजमध्ये इंजिन उघडलं तर एका पिस्टनची कड मेणबत्तीसारखी वितळलेली आणि रिंगांमधला भाग तुटलेला.

ज्याने रीमॅप करून दिला त्याचं म्हणणं, "पेट्रोल खराब भरलं असणार साहेब."

पेट्रोल खराब नव्हतं. पेट्रोल पोचतच नव्हतं. आणि हे मी हवेत बोलत नाहीये. आमच्या या मित्राने हौसेने ओबीडीचा डोंगल लावून ठेवला होता, फोनमध्ये महिनाभराचे लॉग पडून होते. कोणी उघडूनच पाहिले नव्हते (आमच्या ऑफिसातल्या लॉगांचीही हीच गत असते :-)). त्या रात्री मी फाईल एक्सेलमध्ये उघडली. पाच हजार आरपीएमच्या वर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ईसीयू फ्युएल रेलमध्ये दोनशे बार प्रेशर मागतोय आणि मिळतंय दीडशेच्या आतबाहेर. दर वेळी. पहिल्या दिवसापासून.

म्हणून हे चिडून लिहितोय. आपल्याकडे टर्बो गाड्या आल्या, ते झकास झालं. पण त्यांच्यामागोमाग 'स्टेज वन', 'स्टेज टू' विकणारी जी दुकानदारी आली आहे, ती फक्त हवा विकते. टर्बोची गंमतच अशी की हवा नुसत्या सॉफ्टवेअरने वाढते. बूस्टचं टार्गेट बदला, वेस्टगेट जास्त वेळ बंद ठेवा, झालं. पेट्रोल मात्र सॉफ्टवेअरने वाढत नाही. ते एका पंपातून येतं, आणि त्या पंपाला तुमच्या मॅप फाईलशी काही देणंघेणं नसतं.

हिशोब आठवीतल्या पोरालाही जमेल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. फुल लोडवर टर्बो इंजिनला याहून जास्त पेट्रोल द्यावं लागतं, कारण त्याच्या वाफ होण्याने आतलं तापमान आटोक्यात राहतं. हवा २५ टक्क्यांनी वाढवली तर पेट्रोलही २५ टक्क्यांनी वाढलंच पाहिजे. नाही वाढलं तर मिश्रण लीन होतं, तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन जातो. त्यात आता पंपावर मिळतं ते ई२०. इथेनॉलला हवा कमी लागते (१४.७ च्या जागी ९), त्यामुळे तेवढ्याच हवेला ई२० शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त ओतावं लागतं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, नॉकिंगला तो आवरतो, हे खरंच. पण फुल लोडवर हा जादाचा भार शेवटी येतो पंपावरच.

ही अक्कल काही नवी नाही. सुबारू डब्ल्यूआरएक्सवाले बाहेरच्या देशांत वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. मोठा टर्बो बसवायचा तर आधी टाकीतला पंप बदलायचा. ताशी २५५ लिटरचा वॉल्ब्रो हा त्यांच्यात जवळजवळ वाणसामानासारखा. तीनशे हॉर्सपॉवरला ताशी एकशेदहा लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, मग २५५ कशाला? कारण डब्यावरचा आकडा ठराविक प्रेशर आणि ठराविक व्होल्टेजचा असतो. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत रेग्युलेटर बूस्टइतकंच प्रेशर वर चढवतो. तीन बारचं मूळ प्रेशर आणि १.२ बार बूस्ट, म्हणजे पंप ४.२ बारच्या विरुद्ध ढकलतोय. प्रेशर वाढलं की फ्लो पडतो. जुन्या बारीक वायरीत व्होल्टेज पडलं की आणखी पडतो. म्हणून जाणकार लोक पंपासोबत रिले टाकून बॅटरीपासून जाड वायरही ओढतात.

आता याच्या उलट टोकाचे वीरही भेटतात. गरज असो नसो, मिळेल तो सगळ्यात मोठा पंप! रिटर्न लाइन आणि रेग्युलेटर कंपनीचेच ठेवायचे, मग आयडलला एवढं पेट्रोल परत टाकीत जाऊ शकत नाही, प्रेशर चढतं, गाडी रिच चालते आणि हे म्हणणार "ट्यूनिंगला जरा वेळ लागतोय." मोजायचं नाही हा रोग दोघांचाही एकच.

आपल्याकडच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तर प्रकरण आणखी नाजूक. तिथे पंप दोन. एक टाकीतला इलेक्ट्रिक आणि दुसरा इंजिनवरचा, कॅमशाफ्टने चालणारा हाय प्रेशर पंप. शिवाय वेळही कमी. सहा हजार आरपीएमला एक पूर्ण सायकल २० मिलिसेकंदांची. पोर्ट इंजेक्शनवाला इंजेक्टर हवं तर सगळा वेळ वापरू शकतो, डायरेक्ट इंजेक्शनला इनटेक आणि कॉम्प्रेशन मिळून फार तर १० मिलिसेकंद, खरं तर त्याहून कमीच. प्रेशर पडलं तर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरपाई करायला जागाच उरत नाही. डेटाबेसला दहाच कनेक्शन ठेवून पुढे वेब सर्व्हर वाढवत नेण्यासारखं हे. मॅनेजरला ग्राफ दाखवायला बरा, पण सेलच्या रात्री काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलंय.

बरं, गाडी मुकी नसते. रेलमधलं प्रेशर कमी पडलं की ईसीयू पी००८७ हा कोड टाकतो, दिवा लावतो, ताकद कमी करतो. मित्राच्या गाडीतही दिवा दोनदा लागला होता. तो गेला परत त्याच दुकानात. त्यांनी काय केलं असेल? तो कोडच मॅपमधून बंद करून टाकला! टेस्ट फेल होतेय, तर टेस्ट कमेंट करून टाका. कोणी ज्युनिअरने हे केलं तर आपण त्याला कोड रिव्ह्यूत सोलून काढतो. इथे हेच करणाऱ्याला आपण हजारो रुपये मोजतो आणि वर पाच स्टार देतो.

"कंपनी मार्जिन ठेवतेच की" हा त्यांचा आवडता युक्तिवाद. ठेवते ना. पण ते मार्जिन मे महिन्यातल्या तापलेल्या पेट्रोलसाठी, अर्ध्या चोंदलेल्या फिल्टरसाठी, पाच वर्षं झिजलेल्या पंपासाठी आणि रिझर्व्हवर आलेल्या टाकीसाठी असतं (टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो, हे किती जणांना माहीत असतं?). ते चाळीस पीएसमध्ये विकून टाकलं तर घाटात काय वापरणार? हलक्या रीमॅपला मूळ पंप बऱ्याचदा पुरतो, हे मी नाकारत नाही. पण पुरतो की नाही हे लॉग बघून ठरतं, दुकानदाराच्या आत्मविश्वासावरून नाही. तिसऱ्या, चौथ्या गिअरमधला एक फुल पुल, मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर आणि एअर-फ्युएल रेशो. एवढा कागद जो देत नाही, त्याला गाडीची चावी देऊ नका. प्रेशर पडत असेल तर आधी पंप बदला, नाहीतर बूस्ट कमी करा. तिसरा पर्याय नाही.

मी मित्राबरोबर त्या दुकानात गेलो होतो, प्रिंटआउट घेऊन. समोरच्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, गाडी पळत होती ना पण?"

पळत होती. पाच आठवडे.