जर्सीला संमती, मैदानाला नुसती विचारणा

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा नवा कायदा झाला. पुरुषांच्या फुटबॉलमधल्या वरच्या पाच श्रेणींतील क्लबांवर देखरेख ठेवायला स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद त्यात आहे. क्लबला आपले बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा असेल, तर बहुसंख्य पाठीराखे त्या बदलाच्या बाजूने आहेत याची खात्री आधी करून घ्यावी लागेल, असे या कायद्याचे एक कलम सांगते. मैदान हलवायचे असेल तर मात्र नियामकाची मंजुरी लागेल आणि पाठीराख्यांशी सल्लामसलत करावी लागेल. त्यांची संमती तिथे बंधनकारक नाही.

हा क्रम उलटा आहे. कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये क्लबची निळी जर्सी लाल केली. लोक चिडले, भांडले, आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. जर्सी पुन्हा शिवता येते. विकलेल्या मैदानावर दुकाने उभी राहिली की ते मैदान कोणत्याही आंदोलनाने परत मिळत नाही. जी चूक दुरुस्त होऊ शकते तिथे लोकांना मत दिले आणि जी दुरुस्त होत नाही तिथे त्यांना फक्त बोलण्याची मुभा दिली, हे या चांगल्या कायद्यातले मोठे उणेपण आहे.

कायदा चांगला आहे, हे मनापासून म्हणतो. इथवर तो पोहोचला त्यामागे इंग्लंडमधल्या सामान्य पाठीराख्यांची चाळीस वर्षांची भांडणे आहेत. त्यांतले सगळ्यात शिकण्यासारखे भांडण आग्नेय लंडनमधल्या चार्लटन अ‍ॅथलेटिकचे.

चार्लटनला १९१९ मध्ये 'व्हॅली' हे मैदान मिळाले तेव्हा तिथे एक पडीक खाण होती. क्लबकडे पैसा नव्हता. पाठीराखे स्वतः कुदळ-फावडी घेऊन आले, खड्डा सपाट केला आणि उपसलेल्या मातीचे उतार कडेने रचले. त्या उतारांवर उभे राहून त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सामने पाहिले. १९३८ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्याला तिथे ७५,०३१ माणसे होती. अशा मैदानाबद्दल 'मालकाचा पैसा, मालकाचा निर्णय' असे कोणी म्हणते तेव्हा ज्यांनी ती माती उपसली त्यांचे भांडवल हिशेबात धरलेलेच नसते.

पुढे क्लब एकाच्या हातात गेला आणि मैदान जुन्या अध्यक्षाकडेच राहिले. घोळ इथे सुरू झाला. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानात आग लागून ५६ माणसे मेली होती. जुन्या मैदानांच्या सुरक्षेची तपासणी कडक झाली आणि व्हॅलीचा पूर्वेकडचा प्रचंड उतार प्रेक्षकांना बंद झाला. दुरुस्ती करायची कोणी, यावर जमिनीचा मालक आणि क्लब यांचे जमेना. सप्टेंबरमध्ये एका शनिवारी सामन्याला आलेल्या लोकांच्या हातात दारावरच एक पत्रक ठेवण्यात आले: क्लब व्हॅली सोडून क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर जात आहे. कोणाला आधी विचारले नव्हते. पत्रक वाटल्यापासून दोनच आठवड्यांनी, २१ सप्टेंबरला, व्हॅलीवरचा शेवटचा सामना झाला.

अंतर फक्त सात मैलांचे होते. 'एवढ्यासाठी काय रडायचे?' असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले असेल. शिवाय संघ चांगला खेळत होता. १९८६ मध्ये तो पहिल्या श्रेणीतही गेला. तरी लोक सामन्याला येईनात. संघ जिंकत असताना प्रेक्षक घटतात, ही गोष्ट क्लबकडे फक्त गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याला कळायला जड जाते. खेळ पाहायला लोक कुठेही जातील, पण शनिवारी दुपारी घरातून निघून, ओळखीच्या गल्ल्यांतून चालत, वडिलांनी जिथे उभे केले त्याच पायरीवर जाऊन उभे राहणे, हा व्यवहार दुसऱ्याच्या मैदानात भाड्याने होत नाही. गावदेवीची जत्रा शेजारच्या तालुक्यात भरवली तर किती गावकरी जातील?

चार्लटनच्या लोकांनी मग जे केले ते निषेधाच्या इतिहासात नोंदण्यासारखे आहे. त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले, पैसे जमवले, मालकांवर दबाव ठेवला. नव्या मालकांच्या काळात क्लब आणि मैदान पुन्हा एका हाती आले. १९८९ च्या वसंतात हजारो माणसे व्हॅलीवर जमली आणि तण, झुडपे, कचरा उपटून मैदानाच्या मध्यावर त्याची होळी केली. तरीही जानेवारी १९९० मध्ये ग्रिनिच पालिकेने नव्या स्टँडच्या बांधकामाला परवानगी नाकारली. मग त्यांनी पक्षच काढला. नाव 'व्हॅली पार्टी', जाहीरनामा एका कलमाचा. मे १९९० च्या पालिका निवडणुकीत जवळजवळ सगळ्या प्रभागांत उमेदवार उभे केले. ज्या नगरसेवकांनी क्लबच्या बाजूने मत दिले होते त्यांचे प्रभाग तेवढे सोडले. त्या पक्षाला १४,८३८ मते मिळाली, एकूण मतांच्या जवळपास अकरा टक्के. जागा एकही आली नाही, पण बांधकाम परवानगीच्या समितीचा अध्यक्ष निवडणूक हरला. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. ५ डिसेंबर १९९२ रोजी चार्लटन व्हॅलीवर परतला आणि पोर्ट्‌समथला १-० ने हरवले.

फुटबॉलचे चाहते म्हणजे दंगेखोर टोळी, अशी प्रतिमा त्या दशकात ब्रिटिश सरकार आणि वर्तमानपत्रे दोघांनी मिळून रंगवली होती. त्याच काळात या माणसांनी पत्रके वाटली, घरोघर मते मागितली, पालिकेच्या सभांत जाऊन बसले. लोकशाही वापरावी तर अशी.

ब्रायटनची गोष्ट याहून कडवट. तिथल्या संचालकांनी १९९५ मध्ये गोल्डस्टोन हे १९०२ पासूनचे मैदान एका जमीन विकासक कंपनीला विकले, आणि पर्यायी मैदानाची सोय केलीच नाही. क्लबवर ताबा मिळवणाऱ्या अध्यक्षाने त्यासाठी मोजले होते ५६ पौंड २५ पेन्स. क्लब बंद पडला तर उरलेली मालमत्ता भागधारकांना वाटून घेता येऊ नये, असे कलम क्लबच्या घटनेत होते. तेही गाळलेले सापडले. ते पुन्हा घालावे लागले, कारण पाठीराख्यांनी कागद वाचले. मला या साऱ्या प्रकरणात हे कागद वाचणारे लोक सर्वांत महत्त्वाचे वाटतात. घोषणा देणारे कोणालाही दिसतात. कंपनीच्या घटनेतले एक वाक्य नाहीसे झाले आहे, हे ओळखण्यासाठी संध्याकाळी नोकरीवरून परतून दस्तऐवज चाळत बसावे लागते.

एप्रिल १९९६ मध्ये यॉर्क सिटीविरुद्धच्या सामन्यात लोक मैदानात घुसले, गोलचे खांब मोडले, आणि सोळाव्या मिनिटाला सामना बंद पडला. खांब मोडणे चूकच. परंतु त्याआधी किती दारे ठोठावून झाली होती, हेही सांगितले पाहिजे. त्याच लोकांनी ८ फेब्रुवारी १९९७ ला दुसरा मार्ग दाखवला. प्लिमथच्या एका शाळकरी पाठीराख्याने सुचवले आणि देशभरच्या क्लबांचे चाहते आपापल्या जर्सी घालून ब्रायटनच्या मैदानात हार्टलपूलविरुद्धच्या सामन्याला येऊन उभे राहिले. एरवी ज्यांच्याशी हाडवैर, तेही आले. ब्रायटन ५-० ने जिंकला. मैदान मात्र वाचले नाही. त्या एप्रिलमध्ये शेवटचा सामना झाला आणि गोल्डस्टोनच्या जागी दुकाने आली. पुढचे दोन हंगाम ब्रायटनचा 'घरचा' सामना सत्तर मैलांहून दूर, जिलिंगहॅममध्ये होत असे. तिथून एका अ‍ॅथलेटिक्सच्या क्रीडासंकुलात, आणि तिथून २०११ मध्ये फाल्मरच्या नव्या मैदानावर. ते नवे मैदान मिळावे म्हणून त्यांनी साठ हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या.

हा शेवटचा मुद्दा मालकांच्या वकिलांनी नीट ऐकावा. पाठीराखे भावनेत अडकलेले असतात, त्यांना बदल नको असतो, हा आरोप ब्रायटनने खोडून काढला आहे. नवे मैदान हवे म्हणून ते वर्षानुवर्षे भांडले. आर्सेनल २००६ मध्ये हायबरी सोडून हाकेच्या अंतरावर गेला. एव्हर्टनने १८९२ पासूनचे गुडिसन पार्क सोडून २०२५ मध्ये गोदीकाठचे नवे मैदान धरले, आणि गुडिसन पाडून टाकण्याऐवजी महिलांच्या संघाला दिले. लोक हळहळले, आणि गेले. आपण सगळे मिळून जात आहोत की आपल्याला कोणी हाकलत आहे, हे पाठीराख्याला अचूक कळते.

कॉव्हेन्ट्रीत हाकललेच गेले. २००५ मध्ये १०६ वर्षांचे हायफील्ड रोड सोडून क्लब नव्या मैदानात गेला, पण ते मैदान त्याच्या मालकीचे नव्हते. भाड्यावरून क्लबचा गुंतवणूक फंडवाला मालक आणि मैदानाची कंपनी यांच्यात वाद पेटला, आणि २०१३ च्या हंगामात क्लब पस्तीस मैलांवर नॉर्थॅम्प्टनला गेला. पुष्कळ पाठीराख्यांनी तिकीट काढायचे नाही असे ठरवले. त्यांतले काही जण मैदानाशेजारच्या टेकडीवर उभे राहून सामना पाहत. आत दोन-अडीच हजार माणसे. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ कॉव्हेन्ट्रीला परतला त्या रात्री सत्तावीस हजारांहून अधिक आले. आपल्या संघाकडे पाठ फिरवायची नाही आणि मालकाला एक पेनीही द्यायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे किती कठीण असेल! त्या टेकडीवरच्या माणसांनी ते एक हंगामभर केले. २०१९ मध्ये क्लबला पुन्हा शहर सोडावे लागले, या वेळी दोन वर्षांसाठी बर्मिंगहॅमला.

विम्बल्डनचे तर नावच गेले. तीन सदस्यांच्या आयोगाने २००२ मध्ये क्लबला मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी दिली. पाठीराख्यांनी खूप खालच्या श्रेणीतून स्वतःचा नवा क्लब उभा केला, २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये नेला आणि २०२० मध्ये जुन्या मैदानाच्या जवळच, प्लाउ लेनवर, आपले मैदान बांधले. अठरा वर्षे लागली. इतकी चिकाटी प्रत्येक गावात असेलच असे नाही, आणि ती असावी अशी अटही कोणी घालू नये.

या चारही ठिकाणी आजार एकच दिसतो. मैदान एकाकडे आणि क्लब दुसऱ्याकडे गेला, किंवा मैदान विकून टाकले, की स्थलांतर फार दूर राहत नाही. चार्लटनला याचा दुसऱ्यांदा अनुभव आला आहे. तिथल्या बेल्जियन मालकाने, वर्षानुवर्षांच्या निषेधानंतर, २०२० मध्ये क्लब विकला आणि व्हॅली स्वतःकडे ठेवली. १९८५ च्या आधीची तीच मांडणी. नव्या कायद्यात मैदान विकायला किंवा तारण ठेवायला नियामकाची मंजुरी आवश्यक केली आहे, हे योग्यच. पण जिथे मैदान आधीच दुसऱ्याच्या हातात आहे तिथे पाठीराख्यांच्या संमतीचे कुलूप लागलेच पाहिजे. नियामक म्हणजे एक कार्यालय. त्याच्यासमोर ताळेबंद येतील, नकाशे येतील. १९८५ चे पत्रक वाचून ज्याच्या पोटात गोळा आला, तो माणूस त्या फायलीत कुठे असणार?

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये आला, बालेवाडीत खेळला, २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य फेरीत पोहोचला, आणि २०१९ मध्ये बंद झाला. त्याची जागा हैदराबादला मिळाली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला. हैदराबादने २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानात लीग जिंकली, आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलला. सहा वर्षांत एक जागा तीन शहरांतून फिरली, आणि एकाही शहरात पाठीराख्यांना विचारण्याची सोय नियमांत नव्हती. पाच हंगाम बालेवाडीला जाणाऱ्या मुलांना संघ सोडून गेल्याची बातमी मिळाली, एवढाच त्यांचा सहभाग. पुण्यात व्हॅली पार्टी निघाली नाही, कारण पाच वर्षांत असे नाते रुजत नाही. ते रुजू द्यायचे असेल तर संघ एका जागी राहील याची हमी आधी द्यावी लागते.

क्लबांना परवाना देण्याचे काम अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आहे. शहर किंवा मैदान कायमचे बदलायचे असेल तर हंगामी तिकीट घेतलेल्या पाठीराख्यांची बहुमताने संमती घेऊन ती सादर करावी, ही अट त्या परवान्यात घालायला संसदेचा कायदा लागत नाही. पुढचा संघ गाशा गुंडाळण्याआधी महासंघाने ती घालावी.